आबांची हाक संगणकात मावेना

पडद्यावर आबांचं तोंड वाटीएवढं उघडलेलं दिसत होतं. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळे बारीक झाले होते, उजवा हात कानाशी गेला होता. हाक देताना आबा दिसतात ते असेच. आवाज मात्र नव्हता. हेडफोनमधून आधी नुसतं 'हु' एवढं आलं, मग काहीच नाही, आणि शेवटी आबांचं बोलणं खणखणीत ऐकू आलं, "झालं का गं, पोरी?"

बानूनं चित्रफीत मागं नेली आणि पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग तिनं हेडफोनची पिन काढून परत खुपसली, संगणक बंद करून परत चालू केला. हा उपाय सगळेच करतात आणि त्यानं फारसं काही साधत नाही, तसं तिचंही काही साधलं नाही. टेकडीपलीकडच्या मेंढरांना हीच हाक ऐकू गेली होती आणि ती निमूटपणे परतही आली होती. मग समोर ठेवलेल्या संगणकाला ती ऐकू का येऊ नये?

ही हाक टिपणं बानूला भागच होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

बानू गोरड बारा वर्षांची. माणदेशातल्या एका उघड्याबोडक्या माळावर ती, तिची आई आणि आजोबा, म्हणजे धुळाबा गोरड, आपल्या मेंढरांसह राहत. माळावर आता पवनचक्क्यांची रांग होती, मेंढरांच्या कानांत ती कुठं आहेत ते सांगणारे बिल्ले होते, आणि बानूची निम्मी शाळा संगणकावर भरत होती. पण मेंढरं घरी यायची ती आबांच्या हाकेनंच. मागच्या वर्षी आईनं त्यांना वळवायला उडतं यंत्र आणून पाहिलं, तर ती अशी उधळली की गोळा करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आबांची हाक म्हणजे 'हुर्रर्रर्र' असा लांबच लांब सूर. एका दमात निघालेला, जिभेवर थरथरणारा, आणि शेवटी जिभेचा टाळूवर टक्क असा आवाज.

आणि आबांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, स्वरयंत्र (घशातली आवाज तयार करणारी पेटी) काढावं लागेल. आबा जगतील, जेवतील, हिंडतील, पण त्यांचा आवाज जाईल. त्यावर शहरातल्या रुग्णालयानं एक तोड काढली होती. त्यांच्याकडे बोलपट्टा होता. हा पट्टा गळ्यात बांधायचा. त्याचा छोटा कॅमेरा ओठांच्या हालचाली पाहणार, त्यावरून शब्द ओळखणार आणि ते त्या माणसाच्या स्वतःच्या आवाजात बोलून दाखवणार. मात्र त्यासाठी आवाज असतानाच त्या माणसाचं चित्रीकरण करून ठेवायचं. ओठ असे हलले की आवाज असा येतो, हे पट्ट्याला त्यावरूनच शिकायचं असतं.

आबांचं साधं बोलणं बानूनं शाळेच्या संगणकावर छान टिपून पाठवलं होतं आणि ते रुग्णालयाला पसंतही पडलं होतं. पण आबा अडून बसले होते. "बोलणं घीऊन काय करू? माज्या हाकंबिगर मेंढरं माजी न्हाईत. हाक त्या पट्ट्यात गेली तर ठीक, न्हाईतर कळप भाच्याच्या हवाली करायचा. मी दवाखान्यात जायच्या आधीच." भाचा राहायचा दूर, नदीपलीकडच्या तालुक्यात. मेंढरं तिकडं गेली म्हणजे गेली. बानूला त्यातलं प्रत्येक कोकरू नावानं ठाऊक होतं.

घशावर ताण नको म्हणून डॉक्टरांनी दिवसातून एकच हाक द्यायची परवानगी दिली होती, संध्याकाळची. आजची वाया गेली होती. तेरवा सकाळी आबांना न्यायला गाडी येणार होती. नाही म्हणायला, रुग्णालयानं मदतीला एक यंत्रमानव पाठवतो असं कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आलाच. चालकाशिवाय चालणाऱ्या गाडीतून एक टेबलाएवढा, तीन चाकांचा, लांब मानेचा यंत्रमानव उतरला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बशीएवढे कान. आवाज टिपतो म्हणून रुग्णालयातल्या लोकांनी त्याचं नाव टिपणीस ठेवलं होतं, आणि तो बोलायचाही थेट शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.

"आधी एक प्रयोग करू," बानूची चित्रफीत पाहून तो म्हणाला. "चित्रीकरण सुरू कर, पंख्याशेजारी उभी राहा आणि तुझं नाव सांग. मग लांब शीळ घाल."

बानूनं तसं केलं आणि फीत लावली. नाव स्वच्छ ऐकू आलं. शीळ सुरू झाल्यासारखी वाटली आणि विरली. आणि पंखा? पडद्यावर तो गरगर फिरत होता, पण हेडफोनमध्ये त्याचा मागमूस नव्हता.

"काय राहिलं आणि काय गेलं?" टिपणिसानं विचारलं.

बानू विचारात पडली. "बोलणं राहिलं. पंखा गेला, शीळ गेली. म्हणजे... जो आवाज एकसारखा चालू राहतो, तो जातोय?"

"बरोबर. आवाज म्हणजे हवेची थरथर. मायक्रोफोन त्या थरथरीची वीज करतो. संगणक त्या विजेची मापं घेतो, एका सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा. अशा एकेका मापाला नमुना म्हणतात. नमुने साठवले की आवाज साठवला. पण तुझ्या संगणकात साठवण्याआधी एक गाळणी बसवलेली आहे. तिला गोंगाटगाळणी म्हणू (नको असलेला आवाज ओळखून काढून टाकणारी सोय). ही बनवली बैठकांसाठी आणि शाळेच्या तासांसाठी. माणसाचं बोलणं तुटक असतं, शब्दाशब्दाला बदलतं. मोटारी, पंखे, यंत्रं एकसुरात घुमतात. तेव्हा जे एकसुरात घुमतं ते कचरा, अशी तिची समजूत आहे."

बाजेवर बसलेले आबा हे सगळं ऐकत होते. "म्हंजी त्यानं मला पंखा समजलं व्हय?"

"पंखा किंवा पाण्याची मोटार," टिपणीस प्रामाणिकपणे म्हणाला.

आबांना हसू आवरेना. हसता हसता त्यांना जोराचा खोकला आला, तसं बानूचं हसू जागच्या जागी विरलं. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि टिपणिसाकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं आपले कान जरा मागं घेतले.

संगणकाच्या सेटिंगमध्ये गाळणी कुठं लपली आहे ते टिपणिसानं दाखवलं, बानूनं ती बंद केली. तिच्याशेजारीच आवाज आपोआप लहानमोठा करणारी आणखी एक सोय होती. ती हाक मध्येच दाबून टाकेल म्हणून तीही बंद केली. आता हाक नक्की येणार, असं बानूला वाटलं. तिनं बाहेर माळावर थोडं चित्रीकरण करून ऐकलं, आणि हेडफोन कानावरून ओढूनच काढले. भस्स्, फडफड, धडाम. माळावरचा वारा थेट मायक्रोफोनवर आपटत होता. इतके दिवस गाळणी तोही गिळत होती.

"संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन इथं उपयोगाचा नाही," टिपणीस म्हणाला. "तो लांब असतो आणि आजूबाजूचं सगळंच ऐकत बसतो. माझ्याकडचा वेगळा मायक्रोफोन घे. आबांच्या तोंडापासून हातभर अंतरावर धर, आणि समोर नको, जरा बाजूला, म्हणजे श्वास त्यावर आदळणार नाही. वाऱ्यासाठी त्याला केसाळ टोपी लागते. ती मात्र रुग्णालयातच राहिली."

"केसाळ म्हंजी कसली?" आबांनी विचारलं.

"लांब केसांची, मऊ आणि भुसभुशीत. वारा केसांत अडकून मंदावतो, आवाजाची थरथर मात्र फटींतून आत पोचते."

आबांनी आईकडं पाहिलं. आई आत गेली आणि जावळ, म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर, ओंजळभर घेऊन आली. टिपणिसाची मान दोनदा वर-खाली झाली. माळावर लोकरीला काय तोटा, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बानूनं मायक्रोफोनभोवती लोकर सैलसर गुंडाळली, दोऱ्यानं बांधली आणि पुन्हा ऐकून पाहिलं. वारा लांब कुठंतरी गेला होता.

"आता पातळी ठरवू," टिपणीस म्हणाला. "आवाजपातळी (मायक्रोफोनकडून आलेला आवाज किती मोठा करून संगणकात घ्यायचा त्याचं माप). आबा, आपण एकदा हाक देऊन दाखवावी. हळू दिलीत तरी चालेल."

"न्हाय," आबा म्हणाले.

"घशाला त्रास होतो का?"

"घशाचं न्हवं. खोटी हाक द्यायची न्हाय. हाक म्हंजी मेंढराला सांगणं असतंय, ये, पाणी हाय, जाळीची वाघर लावलीया, मी हाय. ते हातातलं गवत सोडून येतंय. आन् येऊन बघतंय तर काय न्हाय? एकदा फसलं की दुसऱ्यांदा ते मान सुदीक वर करत न्हाय. माज्या बापानं कदी दिली न्हाय, मी बी देणार न्हाय."

टिपणिसानं बानूकडं पाहिलं. बानूनं खांदे पाडले. घरात ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती, म्हणून तर ती फीतसुद्धा हेडफोन लावूनच ऐकायची. चुकून हाक मोठ्यानं वाजली आणि मेंढरं धावत आली म्हणजे?

"मग आपण नुसते बोला," टिपणीस म्हणाला. आबा बोलले. कोणत्या मेंढीचा खूर दुखतोय, यंदा गवत कसं आहे, असलं काहीबाही. टिपणिसानं त्यावरून पातळी ठरवली. पडद्यावरचा हिरवा पट्टा झकास वर चढत होता. बानूला मात्र आतून चुटपूट लागली होती. ती काय आहे हे तिला सांगता येईना, आणि एवढ्या शिकलेल्या यंत्राला आपण काय सांगणार म्हणून ती गप्प बसली.

संध्याकाळी आबा माळाच्या कडेला उभे राहिले. हाक गेली. मेंढरं आली. बानूनं हेडफोन कानाला लावले. हाक होती, पण ती आबांची नव्हती. फुटका पत्रा दगडावरून फरफटत न्यावा तसा आवाज. थरथर नाही, सूर नाही, नुसता खर्रर्र.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे काय झालं?"

टिपणिसानं पडद्यावर आवाजाची लाट मोठी करून दाखवली. बोलण्याच्या लाटा गोलसर शेंड्यांच्या होत्या. हाकेच्या लाटांना शेंडेच नव्हते, वरून सगळ्या सपाट.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "संगणकाचं मोजमाप एका ठरावीक उंचीपर्यंतच जातं. त्याच्यावरचं काहीही आलं, तरी तो तीच शेवटची उंची नोंदवतो. मी पातळी बोलण्यावरून ठरवली. हाक तिच्या कितीतरी वर गेली आणि सगळे शेंडे कातरले गेले."

"मग आता आवाज कमी कर ना."

"कमी केला तर लाट छोटी होईल, शेंडा परत येणार नाही. मेंढीची लोकर कातरली तर पुन्हा वाढते. ही वाढत नाही. जे मापलंच गेलं नाही, ते संगणक आणणार कुठून?"

बानूला रात्री नीट जेवण गेलं नाही. आबांनी विचारलं, "उद्या हुईल ना गं?" आणि ती "हो" म्हणाली, पण ते तिचं तिलाच खरं वाटलं नाही. उद्याची हाक शेवटची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती आणि टिपणीस त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. जी हाक आधी ऐकायला मिळणारच नाही, तिची पातळी ठरवायची कशी? कालच्या फितीवरून हाक फार मोठी आहे एवढंच कळत होतं, किती मोठी ते नाही. भर म्हणून आबांचा आवाज सकाळपासून बसला होता. ते दिवसभर एक शब्द न बोलता, गळ्याला मफलर गुंडाळून बाजेवर पडून होते. हाक निघणार तरी का, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

दुपार कलताना बानू आईबरोबर वाघर लावायला गेली. वाघर म्हणजे मेंढरांना आत ठेवायचं जाळीचं कुंपण. खुंट ठोकता ठोकता तिचा हात थांबला.

"आई, ही जाळी एवढी उंच का लावतो आपण?"

"मेंढरांत एक बोकड हाय, त्यो उडी मारतोय म्हणून. तुला ठावं न्हाय?"

"पण तो रोज कुठं मारतो? बसलेला असतो तेव्हा तर गुडघ्याएवढाच असतो."

"म्हणून काय बसलेल्या बोकडाच्या मापानं वाघर लावायची?" आई वैतागून म्हणाली. मुलगी खुंट तिथंच टाकून पळत सुटली तेव्हा ती आणखीच वैतागली.

"टिपणीस," बानू धापा टाकत म्हणाली, "काल आपण बसलेल्या बोकडाच्या मापानं वाघर लावली. हाक किती उंच जाईल ते माहीत नाही ना? मग पातळी खूप खाली ठेवायची आणि वर भरपूर मोकळी जागा सोडायची."

"त्यात धोका आहे," टिपणीस म्हणाला. "प्रत्येक यंत्राची स्वतःची एक बारीक सळसळ असते. पातळी फारच खाली ठेवली आणि आबांचा आवाज आज बसलेलाच राहिला, तर तो त्या सळसळीत बुडेल."

बानूचा चेहरा उतरला. वर गेलं तर कातरणार, खाली राहिलं तर बुडणार. दोन्हींपैकी काय होईल हे आबांच्या घशालाच माहीत. "मग दोन्ही ठेव ना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "एक उंच, एक खाली. एकाच वेळी."

टिपणिसाची लांब मान हळूहळू सरळ झाली. "एकाच मायक्रोफोनचा आवाज दोन वाटांनी घ्यायचा. एका वाटेची पातळी बसलेल्या आवाजासाठी, दुसरीची मोठ्या हाकेसाठी. दोन वाटा माझ्याकडे आहेत. मला हे कालच सुचायला हवं होतं."

"कालचं राहू दे. आता कर."

सूर्य पवनचक्क्यांच्या मागं गेला. चित्रीकरण सुरू झालं. कॅमेऱ्यासमोर बानूनं एक टाळी वाजवली, म्हणजे हात जुळताना दिसण्याचा क्षण आणि टाळी ऐकू येण्याचा क्षण एकमेकांवर ठेवून चित्र आणि आवाज बरोबर जुळवता येतात. तिचे तळवे घामानं ओले झाले होते, त्यामुळं टाळी जरा फुसकीच वाजली. आबांनी मफलर काढला. त्यांनी एकदा घसा साफ केला आणि नुसतीच खरखर आली. आईनं तोंडाला पदर लावला.

आबा थांबले. टेकडीवर ठिपक्यांएवढी मेंढरं चरत होती. आबांनी हात कानाशी नेला आणि तोंड उघडलं.

हाक पहिल्यांदा चिरकली. मग कुठून कोण जाणे, ती सावरली, उठली आणि लांबत गेली. बानू आबांकडं बघतच नव्हती. तिचे डोळे पडद्यावरच्या दोन पट्ट्यांना चिकटले होते. वरच्या पातळीच्या वाटेचा पट्टा लाल झाला, म्हणजे तिथले शेंडे कातरले जात होते. खालच्या पातळीच्या वाटेचा हिरव्यातून पिवळ्यात गेला, आणखी वर गेला, लालच्या कडेला टेकला असं वाटलं, आणि तिथंच थरथरत राहिला. मग टक्क. आबा खाली बसले. त्यांनी गळ्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला ओठ हलवले, पण शब्द बाहेर आला नाही.

मेंढरं माळ उतरून येत होती. बानूनं हेडफोन लावले, खालच्या वाटेची फीत निवडली आणि डोळे मिटले. तिला आबा ऐकू आले. आधी चिरकलेले, मग अख्खे. लाटेचे सगळे शेंडे जागच्या जागी होते. तिनं हेडफोन काढून आबांच्या कानांवर घातले. आबांनी आपली हाक आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

फीत रुग्णालयात गेली, पट्टा त्यावरून हाक शिकला, आणि शस्त्रक्रिया पार पडली. आबा घरी आले ते गळ्यात छोटा कर्णा लावलेला पट्टा बांधून, आणि घरी आल्यावरही हाकेची परीक्षा लगेच घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. नुसतं बघायचं म्हणून दिलेली हाक खोटीच की, असं त्यांनी पट्ट्यातून आपल्याच आवाजात ठणकावून सांगितलं. टिपणीस तेव्हा शहरातून संगणकावर आला होता. त्यानं ते मुकाट्यानं मान्य केलं आणि बानूला वेगळंच विचारलं. डोंगरापलीकडच्या गावात एक शिक्षिका होत्या, त्यांचाही आवाज जाणार होता, आणि त्या गाणाऱ्या होत्या. सुट्टीत ती त्याच्याबरोबर येईल का? बानूनं आईकडं पाहिलं आणि आईनं नाही म्हटलं नाही.

पाण्याची टाकी भरली, वाघर लागली, संध्याकाळ झाली. मेंढरं कशी वागतात ते बघायला बानू टेकडीवर त्यांच्यातच जाऊन उभी राहिली. लांब, घराजवळ आबा दिसत होते. त्यांनी हात कानाशी नेला.

माळावरून हाक आली. जवळच्या मेंढीनं चघळणं थांबवलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. पण कुणीच हललं नाही. एक क्षण गेला, दुसरा गेला. मग म्हाताऱ्या मेंढीनं एकदा नाक उडवलं आणि ती उतरू लागली. तिच्यामागं दुसरी, मग कोकरं, मग सगळा कळप बानूच्या दोन्ही बाजूंनी वाहत खाली निघाला.

मेंढरं टाकीवर पोचली तरी बानू वर एकटीच उभी होती. ती बाहीनं डोळे पुसत होती. तेवढ्यात आबांनी पुन्हा मान वर केली, आणि माळावरून त्यांचा आवाज आला, थेट तसाच, जरा दटावणारा.

"आगं, तू तिथं काय करतीस? तुला बी बोलावलंय."

बानू पळत सुटली.